समुद्रकाठची ग्रीक अंगतपंगत

"आई, सांतोरिनीला तिसऱ्या दिवशी समुद्रावर सहल ठरवली आहे. छोटीशीच, आठ माणसांची. तिथलं घरगुती ग्रीक जेवण आणि..." एवढं बोलून लेक फोनवर थांबली. मग घाईघाईनं म्हणाली, "आणि संध्याकाळचा गार वारा!"

मी भूगोलाची शिक्षिका. चौतीस वर्षं बडोद्याच्या शाळेत काढली. पोरं वाक्य मध्येच का सोडतात, ते मला चांगलं कळतं. प्रवासाचा कार्यक्रम हाती आला तेव्हा मी तो नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, 'ग्रीक खाद्य आणि वाइन सहल.' वाऱ्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

लेकीच्या अडखळण्याला कारण होतं. आमच्या घरात दारूचं नावही निघत नाही. मूळची मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दारूपायी गेले. तेव्हा मी अकरावीत होते. पुढं लग्न होऊन बडोद्याला आले, तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, "गुजरातीत कसं गं जमणार तुला?" मी म्हणायची, "भाषा शिकता येते. दारूबंदीचं राज्य आहे, मला एवढं पुरे." लेकीला मात्र मी "तुझे आजोबा काविळीनं गेले" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

लेक आणि जावई जर्मनीत असतात. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा चमच्यांच्या खणात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू दिसला. मी खण बंद केला. मी काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. अशी दोन्ही बाजूंची न बोललेली गोष्ट सामानात घेऊन आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, लेक आणि जावई, २०२३ च्या ऑगस्टअखेरीस सांतोरिनीला पोहोचलो.

ज्वालामुखीच्या काठावरचं बेट

सांतोरिनी म्हणजे कॅलेंडरवरची पांढरी घरं आणि निळे घुमट, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण हे बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीची उरलेली कड आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथं भयंकर उद्रेक झाला. बेटाचा मधला भाग खचला आणि तिथं समुद्र शिरला. आज बोट बंदरात शिरते, ती खरं म्हणजे ज्वालामुखीच्या पोटात शिरते. तीन बाजूंना शेकडो फूट उंच कडे आणि त्यांच्या माथ्यावर, साखर सांडावी तशी पांढरी गावं. वर्गात फळ्यावर खडूनं ज्वालामुखी काढणाऱ्या बाईला याहून मोठं बक्षीस ते कोणतं!

बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी नावाचं प्राचीन गाव त्या राखेखाली गाडलं गेलं होतं. १९६७ साली तिथं उत्खनन सुरू झालं. दुमजली, तिमजली घरं, सांडपाण्याची गटारं, मासळीचे जुडगे हातात धरून उभ्या असलेल्या कोळी पोराचं भित्तिचित्र असं बरंच काही सापडलं. माणसांचे सांगाडे मात्र तिथं मिळाले नाहीत. लोक आधीच घरं सोडून गेले असावेत. धान्याचे रांजण तसेच मागं राहिले होते. त्यातल्या एका कडधान्याची गाठ पुढं समुद्रकाठी पडायची होती.

या बेटावर एकही नदी नाही. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्याही आत, आणि तोही हिवाळ्यात. पूर्वी लोक गच्चीवरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत. आता समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. अशा जागी पिकणार काय? मी मनाशी म्हटलं, इथं फार तर दगड पिकत असतील.

जमिनीवरच्या परड्या

सहलीच्या दिवशी दुपारी चारला छोटी गाडी हॉटेलाशी आली. आमच्याशिवाय एक वयस्क डच जोडपं होतं आणि कॅनडाहून आलेली एक आई तिच्या विशीतल्या मुलाबरोबर होती. गाडी चालवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या आणि स्वयंपाकही करून आणणाऱ्या बाई एकच होत्या. साठीच्या आसपासच्या, उन्हानं रापलेल्या, गळ्यात चष्मा लटकवलेल्या. ग्रीकमध्ये बाईमाणसाला 'कीरिया' म्हणतात. आम्ही अर्ध्या तासात त्यांना 'मावशी' म्हणू लागलो. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलंही.

मावशींनी आधी गाडी त्यांच्या द्राक्षमळ्याशी थांबवली. मी खाली उतरून इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मळा कुठं आहे?"

त्या हसल्या. "तुमच्या पायाशी."

खरोखरच, करड्या राखाडी जमिनीवर जागोजागी परड्या ठेवाव्यात तशा वेली बसल्या होत्या. गुडघ्याएवढ्याही उंच नाहीत. हिवाळ्यात वेलीच्या काड्या गोल गोल वळवून तिची परडी विणतात. तिला 'कुलूरा' म्हणतात. घड या परडीच्या आत, पानांच्या सावलीत वाढतात. कारण वारा! उन्हाळ्यात इथं उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा दिवसच्या दिवस सुटतो. वेल उभी केली तर वाळूच्या माऱ्यानं घड सोलून निघतील. मग पाण्याचं काय? रात्री समुद्रावरून दमट हवा येते, धुकं उतरतं. सच्छिद्र राखेची जमीन तो ओलावा धरून ठेवते आणि तेवढ्यावर वेल जगते.

आणखी एक गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपभरच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. त्यामुळं तिकडं बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलम करूनच वेल लावतात. सांतोरिनीच्या राखेत ती कीड तगली नाही. म्हणून इथल्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. परडी फार जुनी झाली की ती कापून टाकतात आणि त्याच मुळातून नवी वेल उठवतात. वर कोवळं पान असतं आणि खाली पणजोबांच्या काळचं मूळ!

मला राहवलं नाही. मी आमच्या तासगावकडचं सांगू लागले. आमच्याकडं वेल मांडवावर डोक्याच्या वर चढवतात, बागेत सावलीतून चालता येतं, आणि छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. लेक भाषांतर करत होती. मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडं पाहिलं.

"दोनदा? मग तुमची वेल झोपते कधी?"

"आमच्याकडं तसा हिवाळाच नाही. तिला झोपूच देत नाहीत," मी म्हटलं. मग सांगितलं, की दुष्काळाच्या वर्षी टँकर विकत घेऊन बागा जगवतात. त्यांनी नुसती मान हलवली. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळतं, त्याला भाषा लागत नाही.

मळ्याच्या कडेला तोडलेले घड उन्हात ओळीनं पसरले होते. असिर्तिको ही इथली मुख्य पांढरी द्राक्षं. तिच्या जोडीला इतर जातीही असतात. घड सुमारे दोन आठवडे उन्हात सुकवतात, मग त्यांचा थोडासा दाट रस काढतात. त्याची 'विन्सांतो' नावाची गोड वाइन होते. ती किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरते. आमच्या तासगावला बेदाणा शेडमध्ये, जाळ्यांवर, सावलीत सुकवतात. इथं तो उघड्या उन्हात. पण वास तोच! गोड, किंचित आंबूस, उन्हानं तापलेला.

त्या वासाबरोबर आबा समोर उभे राहिले. दारू प्यायलेले नव्हेत. काडीवरच्या डोळ्यावर अंगठा फिरवून 'यात घड आहे, यात नाही' असं अचूक सांगणारे आबा. कित्येक वर्षांत मला ते आठवले नव्हते.

पंगत मांडली

व्लिखाडाचा किनारा बेटाच्या दक्षिणेला आहे. मेल्तेमी उत्तरेचा, त्यामुळं इथं कड्यांचा आडोसा मिळतो. मावशींनी हीच जागा निवडली, ती यासाठीच. पायाखाली काळी वाळू आणि पाठीशी प्यूमिस दगडाचे व राखेचे फिकट कडे. वाऱ्यानं ते असे कोरले आहेत, की एखाद्या अर्धवट राहिलेल्या लेण्यासमोर बसल्यासारखं वाटतं. जवळच टोमॅटोच्या जुन्या कारखान्याचं उंच धुराडं आहे. एकेकाळी बेटावर टोमॅटोची प्युरी करणारे असे बरेच कारखाने होते. १९५६ च्या भूकंपानंतर खूप माणसं बेट सोडून गेली आणि हळूहळू हा धंदा संपला. या कारखान्याचं आता संग्रहालय झालं आहे.

वाळूवर सतरंजी, त्यावर दोन बसके पाट, त्यांवर निळ्या चौकटींचं कापड. मावशी एकेक डबा उघडू लागल्या. आम्ही दोघं शाकाहारी. यांना मधुमेह. लेकीनं हे आधीच कळवलं होतं, तरी माझ्या पोटात धाकधूक होतीच. पण डबे उघडत गेले तशी ती पळाली.

पहिला पदार्थ फावा. पिवळ्याधमक डाळीचं दाट वरण, वर ऑलिव्ह तेलाची धार, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू. ही डाळ म्हणजे आपल्या लाखेच्या डाळीची चुलतबहीण. अक्रोतिरीच्या राखेखाली जळालेलं कडधान्य सापडलं, ते हेच! साडेतीन हजार वर्षं एका बेटानं एकच वरण जेवावं, याचं मला फार कौतुक वाटलं. आपणही वरणभातवालेच की.

मग तोमातोकेफ्तेदेस. नाव ऐकून घाबरू नका, टोमॅटोची भजीच ती! बेटावरचे टोमॅटो लहान, पाण्याविना वाढलेले आणि त्यामुळं चवीला गच्च. ते चुरून त्यात कांदा, पुदिना आणि पीठ घालून तळतात. दोल्मादाकिया म्हणजे द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या बोटभर गुंडाळ्या. आपल्या अळूवडीची कला असलेल्या कोणालाही त्या जमतील. झाझिकी म्हणजे दह्याच्या चक्क्यातली काकडीची कोशिंबीर. फक्त त्यात लसूण सढळ असतो. गावरान सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची जाड वडी. कोबी-बिबी काही नाही. पांढरी वांगीही होती, भाजून कुस्करलेली. गोडसर आणि बिया अगदी कमी. कृष्णाकाठच्या वांग्यांचा मला अभिमान आहे, पण मी मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

केपर नावाच्या झुडपाच्या कळ्यांचं आणि पानांचं लोणचंही होतं. गुजरातेत आम्ही केरडाचं लोणचं खातो, तो याच कुळातला. पाक्सिमादी म्हणजे जवाच्या पिठाचे कडक टोस्ट. पूर्वी खलाशी ते बरोबर नेत. ते पाण्यात किंवा टोमॅटोच्या रसात भिजवून खायचे. यांनी उत्साहानं एक कोरडाच चावला आणि दाताला हात लावून बसले! इतरांसाठी मावशींनी निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपसही आणला होता. त्याचं ताट त्यांनी आपणहून दूरच्या टोकाला ठेवलं.

"शाकाहारी माणसाला आमच्याकडं उपाशी राहावं लागत नाही," मावशी म्हणाल्या. "आमच्या चर्चचे उपासच इतके, की निम्मं वर्ष मांस बंद." उपासाच्या पदार्थांना ते 'निस्तीसिमो' म्हणतात. त्यांत मांस नसतं, दूध नसतं, अंडीही नसतात. मी मनात म्हटलं, आपली साबुदाण्याची खिचडी तेवढी यांच्याकडं पोहोचायची राहिली आहे.

पेल्यावरचा हात

मग बर्फाच्या डब्यातून बाटली निघाली.

पेले लहानसे, आपल्या चहाच्या ग्लासाएवढे. मावशींनी डच आजोबांना ओतली, आजींना ओतली, कॅनडाच्या मायलेकांना ओतली. जावयानं माझ्याकडं पाहिलं आणि पेला मांडीमागं सारला. बाटली लेकीपाशी आली. तिनं आपल्या पेल्यावर तळहात ठेवला. "नको, मी घेत नाही," ती म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, पण सांगत होती मला.

माझ्या डोळ्यांसमोर आईचा हात आला. आबा घरी येण्याच्या वेळेला ती पितळी पेले फळीवरून काढून पिठाच्या डब्यामागं लपवायची. जणू पेला दिसला नाही, तर दारू आठवणार नाही. आमच्या घरात सगळेच लपवायचे. आबा बाटली लपवायचे, आई पेले लपवायची, आम्ही मुलं शेजाऱ्यांपासून आबांना लपवायचो. आता पस्तिशीची माझी लेक माझ्यापासून स्वतःला लपवत होती.

मी मराठीत म्हटलं, "अगं, हात काढ. तुझा चमच्यांचा खण मी पाहिलाय."

ती आधी लाल झाली, मग हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुझ्या आजोबांचं सांगावं लागलं असतं म्हणून."

आणि तिथं, त्या काळ्या वाळूवर बसून, मी तिला सांगितलं. कावीळ कशामुळं झाली ते. आबा बागेतल्या मोटारीच्या खोलीत एकटेच बसत ते. कधी कोणाबरोबर नाही, कधी ताटावर नाही. आईनं पाठवलेला डबा संध्याकाळी तसाच परत यायचा ते. मला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हा धावत सांगायला गेले, तर त्यांनी मला ओळखलंच नाही, तेही. यांना हे सगळं माहीत होतं. हे समुद्राकडं बघत बसले. जावयानं आपला पेला हळूच वाळूत उपडा घातला.

मावशींना शब्द कळले नव्हते, पण प्रसंग कळला असावा. लेकीनं थोडक्यात सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "इथंही दारूनं घरं बुडाली आहेत. वाइन पिकवणाऱ्या गावाला ते चांगलं माहीत असतं. मी ओतते म्हणून कोणी प्यायलाच पाहिजे असं नाही." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. प्राचीन ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत. निव्वळ वाइन पिणं त्यांना रानटीपणाचं वाटे. आज वाइनला ते 'क्रासी' म्हणतात. त्या शब्दाचं मूळच 'मिसळणं' असं आहे. दुसरा शब्द 'पारेआ', म्हणजे आपली मंडळी, आपला गोतावळा. "पारेआ असली तर वाइन," त्या म्हणाल्या, "आणि पोटात आधी घास."

मी पाहत होते. खरंच, कोणी घोट घेतला की हात ताटाकडं जात होता. प्रत्येक जण शेजाऱ्याचा पेला भरत होता, आपला स्वतःचा नाही. 'यामास', म्हणजे 'आपल्या सर्वांच्या आरोग्यासाठी', असं म्हणून पेल्याला पेला लागत होता, त्यात माझा पाण्याचाही होता. बाटली अर्धी राहिली तशी मावशींनी बूच लावून ती परत डब्यात ठेवली. बाटली संपवलीच पाहिजे, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी भाबडी नाही. आबांना चार माणसांत बसवून जेवू घातलं असतं तर ते वाचले असते, असं मला वाटत नाही. कोणतंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे. समुद्रकाठी बसल्यानं त्यात फरक पडत नाही. लेकीनं माझ्यासमोर पेला उचलला आणि दोन-चार घोट घेतले. ते मला आवडलं का? नाही. पण तिनं ते मला दिसेल असं केलं, हे मात्र आवडलं. मी तिच्याकडून एकच मागून घेतलं. "एकटीनं कधी पिऊ नकोस. आणि तशी वेळ आली, तर मला फोन कर." तिनं माझा हात धरला आणि मान हलवली.

शेवटी मावशींनी माझ्यापुढं वाटी ठेवली. 'मुस्तालेव्रिया.' द्राक्षांचा ताजा रस आंबण्याच्या आधीच आटवून, त्यात पीठ घालून केलेली दाट खीर. वर दालचिनी आणि अक्रोड. द्राक्षतोडीच्या दिवसांत ती घरोघर होते. "हीच द्राक्षं," मावशी म्हणाल्या. "आज शिजवली तर खीर, ठेवली तर वाइन, वाळवली तर बेदाणा." यांनी मधुमेह विसरून दोन चमचे खाल्ले. मी तेवढ्यापुरतं पाहिलं नाही.

सूर्य बेटामागं उतरला. खालच्या धक्क्यावर मच्छिमारांच्या नावा डुलत होत्या. मला शाळेची सहल आठवली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात काशाची एक छोटीशी मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ती सापडली. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन! दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून पंचगंगेकाठी गेला. "बाई, समुद्राचा देव कोल्हापुरात कसा?" असं मी तेव्हा विचारलं होतं. आता त्याच्या समुद्राकाठी तासगावची मुलगी बसली होती. फिट्टंफाट झाली म्हणायची.

जाणार असाल तर

सांतोरिनीला अथेन्सहून विमानानं पाऊण तासात जाता येतं. पिरेयस बंदरातून बोटीला, ती केवढी वेगवान आहे त्यानुसार, पाच ते आठ तास लागतात. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. जुलै-ऑगस्टात गर्दी आणि वारा दोन्ही फार. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. द्राक्षतोड पाहायची असेल, तर मात्र ऑगस्टच गाठावा लागतो.

अशी सहल आठ-दहा माणसांचीच निवडावी. मोठ्या बसमधल्या जत्रेत ना जेवणाकडं लक्ष राहतं ना माणसांकडं. शाकाहारी आहोत हे आधी कळवावं. 'निस्तीसिमो' हा शब्द लक्षात ठेवावा, शिवाय मासळी आणि शिंपलेही नकोत असं वेगळं सांगावं, कारण कालवं आणि ऑक्टोपस त्यांच्या उपासाला चालतात! वाइन घेत नसाल तर सरळ सांगावं. आम्हाला कोणी आग्रह केला नाही. घेणाऱ्यांनी त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. काळी वाळू उन्हात भयंकर तापते, म्हणून पायात जाड तळव्याच्या चपला हव्यातच. संध्याकाळसाठी एक शाल असावी.

पुन्हा परडी

बडोद्याला परतल्यावर एका रविवारी गच्चीवर सतरंजी घातली. शेजारची दोन कुटुंबं बोलावली. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून घोटली. वर तेल, कांदा, लिंबू आणि केपरच्या जागी केरडाचं लोणचं. टोमॅटोची भजी केली, चक्क्यात काकडी किसली. प्यायला ताक. लेक फोनच्या पडद्यावरून पाहत होती. तिनं शेजारणीला विचारलं, "काकू, आई तुम्हाला आजोबांचं सांगते का हो?" त्या रविवारी मी तेही सांगितलं. ऐकून शेजारीण थोडा वेळ गप्प राहिली, मग तिनं आपल्या भावाचं सांगितलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत सांतोरिनीला शेकडो भूकंपांचे धक्के बसले. हजारो लोक बेट सोडून गेल्याच्या बातम्या वाचून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीनं मावशींना निरोप पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं. त्या बहिणीकडं अथेन्सला गेल्या होत्या, पण आता परत निघाल्या होत्या. वेलींची छाटणी राहिली होती. परड्या वेळेवर विणल्या नाहीत, तर येणारा वारा थांबतो थोडाच!

निरोपाखाली त्यांनी माझ्यासाठी एक ओळ लिहिली होती. 'तुमची वेल यंदा झोपली का?'

मी लेकीला म्हटलं, "कळव त्यांना. म्हणावं, आता बरी झोपते."